अग्रलेखाच्या पलीकडचे वाचक

१८ जानेवारी १८४२ रोजी निफाडला महादेव गोविंद रानडे जन्मले. त्याच वर्षी मे महिन्यात लंडनमध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ हे चित्रमय साप्ताहिक निघाले आणि जूनमध्ये अहमदनगरला अमेरिकन मिशनचा ‘ज्ञानोदय’ सुरू झाला. या तिन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण वीस वर्षांनी, १८६२ मध्ये, मुंबईत ‘इंदुप्रकाश’ निघाला तेव्हा त्याची मराठी बाजू विष्णुशास्त्री पंडितांकडे होती आणि इंग्रजी बाजू निफाडात जन्मलेल्या या तरुणाकडे. सायखेड्यात, म्हणजे त्याच तालुक्यात, गोदाकाठी बसून व्हिक्टोरियाकालीन नियतकालिकांचा अभ्यास करणाऱ्याला विषय परका वाटत नाही, त्याचे हे एक कारण.

इंग्लंडात स्वस्त वाचनाची लाट आली ती कर उठल्यामुळे. वृत्तपत्राच्या प्रत्येक प्रतीवर एक पेनीचा मुद्रांक होता, जाहिरातींवर कर होता, कागदावरही होता. जाहिरातकर १८५३ मध्ये गेला, मुद्रांक १८५५ मध्ये, कागदकर १८६१ मध्ये. ‘डेली टेलिग्राफ’ १८५५ मध्येच एका पेनीला मिळू लागला. १८७० च्या शिक्षणकायद्याने शाळा वाढल्या, त्या शाळांतून बाहेर पडलेल्यांना वाचायला काहीतरी हलके, तुकड्यातुकड्यांचे हवे होते. जॉर्ज न्यून्सने १८८१ मध्ये ‘टिट-बिट्स’ काढले ते नेमके त्यांच्यासाठी, आणि दहा वर्षांनी ‘स्ट्रँड’ मासिक काढले ते जरा बऱ्या खिशाच्या कुटुंबांसाठी. शेरलॉक होम्सच्या लघुकथा जगभर गेल्या त्या या ‘स्ट्रँड’मधून.

आपल्याकडे यातले जवळजवळ काहीच नव्हते. १९०१ च्या खानेसुमारीतही देशात शंभरातले पाचसहा जणच साक्षर होते. पेनी-पैशाला अंक विकून लाखोंचा खप गाठायचा, हे गणित इथे मांडताच येत नव्हते. इथे होता वर्गणीदार: वर्षाचे पैसे आगाऊ भरणारा, कधी ते थकवणारा, आणि संपादकाने ज्याच्या नावाने अंकाच्या पाठीवर वारंवार विनवण्या छापाव्यात असा. त्याच्यापर्यंत पोचायला टपाल आणि रेल्वे या दोनच गोष्टी कामाच्या होत्या. १८५४ पासून देशभर पत्राला एकच दर झाला. १८६५ मध्ये रेल्वेने थळ घाट ओलांडला आणि आमच्या टापूत खेरवाडी, निफाड ही ठाणी मुंबईच्या हाकेच्या अंतरावर आली. १८७७ मध्ये व्ही. पी., म्हणजे पैसे भरून सोडवून घ्यायचे टपाल, १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड, १८८० मध्ये टपाल खात्याची मनीऑर्डर. मासिकांचा इतिहास लिहिताना मनीऑर्डरीला कोणी प्रकरण देत नाही. मला ते द्यावेसे वाटते, कारण खेड्यातल्या माणसाला पुण्या-मुंबईच्या संपादकाकडे वर्गणी पाठवणे तिच्यामुळे सोपे झाले.

छापखान्याचीही एक अडचण होती. इंग्रजी जुळाऱ्यापुढे लहान-मोठी मिळून थोडकीच अक्षरे असतात. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे धरली की खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाते. जुळाऱ्याचा हात एका ओळीसाठी कितीतरी खणांत फिरतो. म्हणून आरंभीची बरीच मराठी छपाई शिळेवर होई: चिकट शाईने कागदावर हाताने मजकूर लिहायचा, तो उलटा दगडावर उतरवायचा, आणि दगडावरून प्रती काढायच्या. हे काम सुंदर दिसे, पण दर आठवड्याला अंक काढणाऱ्याला ते परवडणारे नव्हते. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहमच्या हाताखाली पोरवयात शिकलेल्या जावजी दादाजींनी १८६४ मध्ये स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला, १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. त्यांचे सहकारी राणोजी रावजी आरू यांनी कोरलेली अक्षरे आजही डोळ्यांना निवांत वाटतात. संपादकांची चरित्रे आपण लिहिली, पण आरूंसारख्या कारागिरांबद्दल फार थोडे लिहिले गेले आहे, आणि ही उणीव मला मनापासून खटकते.

मराठी पत्रकारितेचा इतिहास सांगण्याची एक ठरलेली वाट आहे. ६ जानेवारी १८३२ चा बाळशास्त्री जांभेकरांचा ‘दर्पण’, भाऊ महाजनांचा ‘प्रभाकर’ आणि त्यातली लोकहितवादींची शतपत्रे, चिपळूणकरांची ‘निबंधमाला’, १८८१ चा ‘केसरी’, १८८८ चा ‘सुधारक’. ही सगळी नावे थोर आहेत. पण ही वाट अग्रलेखाकडून अग्रलेखाकडे जाते, आणि तिच्यावर भेटतो तो वाचक बहुधा इंग्रजी शिकलेला, नोकरीतला किंवा वकिलीतला पुरुष असतो. स्वयंपाकघरातली, माजघरातली, शाळेत दोनचार इयत्ता झालेली वाचक मंडळी कुठे होती, हा प्रश्न विचारला की मासिकांकडे आणि गोष्टींच्या साप्ताहिकांकडे वळावे लागते.

१८६७ च्या ‘विविधज्ञानविस्तारा’त रामचंद्र भिकाजी गुंजीकरांनी ‘मोचनगड’ क्रमशः छापली. १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओकांनी ‘बालबोध’ काढले आणि १९१४ मध्ये मरेपर्यंत ते मुलांसाठी चालवले. दोन्ही मासिकांवर स्वतंत्र लेख व्हायला हवेत.

पण खरे वळण, माझ्या मते, १८९० मध्ये आले. हरि नारायण आपट्यांनी त्या वर्षी पुण्यात ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि १९१७ पर्यंत चालवले. आपट्यांनी इंग्रजी लोकप्रिय साहित्य भरपूर पचवले होते. त्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ १८८५ पासून ‘पुणे वैभव’मध्ये आली होती आणि ती रेनॉल्ड्सच्या कादंबरीच्या धर्तीवर बेतलेली होती. हा रेनॉल्ड्स म्हणजे लंडनच्या कामगारवर्गाचा लाडका लेखक, स्वतःच्या नावाचे साप्ताहिक चालवणारा. ‘करमणूक’ काढताना आपट्यांनी त्याचा भडकपणा मागे ठेवला आणि पुढच्या अंकाची ओढ लावण्याची हातोटी तेवढी घेतली. घरातल्या सगळ्यांनी वाचावे असे साप्ताहिक, ज्यात गोष्ट, चरित्र, विज्ञानाची माहिती आणि कविता एकत्र नांदतील, असा तो बेत होता.

‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी इथेच क्रमशः आली. तिची नायिका यमू स्वतःच्या तोंडाने स्वतःची गोष्ट सांगते: माहेर, लहानपणीचे लग्न, सासर, पती रघुनाथरावांबरोबरचे थोडे सुखाचे दिवस, त्यांचा मृत्यू, आणि शेवटी जबरदस्तीने केलेले केशवपन. तिची मैत्रीण दुर्गी नवऱ्याच्या हाती काय भोगते तेही यमूच सांगते. पुस्तकात हे सलग वाचणे निराळे आणि आठवड्याला एक हप्ता असे महिनोन्‌महिने वाचणे निराळे. मधल्या दिवसांत वाचणारी आणि ऐकणारी माणसे त्यावर बोलतात, आपल्या घरातल्या यमूकडे बघतात.

त्याच महिन्यांत बाहेर संमतिवयाचा वाद पेटला होता. इंग्लंडात तो आधीच होऊन गेला होता: १८८५ मध्ये लंडनच्या ‘पॉल मॉल गॅझेट’मध्ये विल्यम स्टेडने मुलींच्या खरेदी-विक्रीवर लेखमाला लिहून खळबळ उडवली. पार्लमेंटने संमतिवय तेरावरून सोळावर नेले, आणि शोधासाठी स्वतः एका मुलीची खरेदी घडवून आणल्याबद्दल स्टेड तीन महिने तुरुंगात गेला. इकडे १८९१ च्या मार्चमध्ये संमतिवय दहावरून बारावर आले. त्यावरून ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांच्यात जे शब्दयुद्ध झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे. सरकारने हात घालावा की नाही, शास्त्र काय म्हणते, असा तो वाद होता. ‘करमणुकी’तली यमू शास्त्राधार देत नव्हती. ती आपला दिवस कसा गेला ते सांगत होती. ज्या घरात ‘सुधारका’चा अंक उंबऱ्यावरच अडला असता, तिथेही गोष्टीचे साप्ताहिक आत जाऊ शकत होते. मराठी लोकप्रिय नियतकालिकाची ताकद मला इथे दिसते. त्याने खपासाठी वाचकाला खाली ओढले नाही, आणि उपदेशासाठी त्याला कंटाळवलेही नाही.

जानेवारी १८९५ मध्ये काशिनाथ रघुनाथ आजगावकरांनी मुंबईत ‘मासिक मनोरंजन’ काढले. बंगाली साहित्याच्या प्रेमापोटी त्यांनी ‘मित्र’ हे आडनाव घेतले आणि त्याच नावाने ते ओळखले जातात. वि. सी. गुर्जरांच्या ‘संपूर्ण गोष्टी’, म्हणजे एकाच अंकात सुरू होऊन संपणाऱ्या कथा, इथे गाजल्या. मराठी लघुकथेला लांबी मिळाली ती मासिकाच्या पानांच्या मापाने.

इंग्रजी मासिकांचे नाताळ अंक मित्रांच्या डोळ्यांपुढे होते. डिकन्सने १८५० मध्ये ‘हाउसहोल्ड वर्ड्‌स’ सुरू केले आणि त्याचे नाताळचे खास अंक वाचकप्रिय झाले. पुढे प्रत्येक मोठ्या नियतकालिकाचा असा अंक निघू लागला. शेरलॉक होम्स पहिल्यांदा छापला गेला तोही १८८७ च्या ‘बीटन्स ख्रिसमस अॅन्युअल’मध्ये. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. आजचे दिवाळी अंक त्याच परंपरेतले आहेत. इंग्लंडातले नाताळ अंक पुढे विरत गेले, मराठीतले दिवाळी अंक शतक उलटून गेले तरी निघताहेत.

या अंकांचा अभ्यास करताना एक गोष्ट फार अडवते. ग्रंथालयांनी जुनी मासिके वर्षावार बांधून ठेवली, पण बांधताना मुखपृष्ठे, मलपृष्ठे आणि जाहिरातींची पाने बहुतेक वेळा काढून टाकली. औषधे, केशतेले, साबण यांच्या जाहिरातींवरून वाचक कोण होता हे कळते. नेमका तोच पुरावा बांधणीच्या टेबलावर कापला गेला. कोणाच्या माळ्यावर न बांधलेले सुटे अंक असतील तर ते बांधलेल्या खंडापेक्षा मोलाचे आहेत.

शेतकऱ्याचे काय? आमचा हा पट्टा द्राक्षांचा, कांद्याचा, म्हणून हा प्रश्न टाळता येत नाही. कृष्णराव भालेकरांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात ‘दीनबंधु’ काढला, पुढे १८८० पासून मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी तो चालवला. जोतीराव फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ची पहिली दोन प्रकरणे त्यात छापली गेली, पुढची छापणे संपादकाने थांबवले. सरकारी रोषाच्या सावलीत चालणाऱ्या छोट्या पत्राची मर्यादा त्यातून दिसते, तरी वाचकांचे नुकसान झालेच.

भालेकरांचे पुत्र मुकुंदराव पाटील नेवासे तालुक्यातल्या तरवडीला दत्तक गेले. दत्तक वडील गणपतराव यांनी १८८८ मध्ये काढलेला आणि त्यांच्या मृत्यूनंतर बंद पडलेला ‘दीनमित्र’ त्यांनी नोव्हेंबर १९१० मध्ये साप्ताहिक म्हणून पुन्हा सुरू केला. मुंबईत ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक निघाल्यानंतर साधारण वर्षभराने घडलेली ही गोष्ट. हे साप्ताहिक खेड्यात लिहिले जाई, खेड्यातच खिळे जुळवून छापले जाई आणि तिथूनच टपालाने रवाना होई. त्यात ‘आसुडाचे फटके’ नावाचे सदर होते. मुकुंदरावांनी १९६७ पर्यंत, म्हणजे सत्तावन्न वर्षे, ते चालवले.