मोडलेला आंस

नागभीडसारख्या गांवीं राहणाऱ्या मनुष्यास तीन प्रकारचे आंस पाहावयास मिळतात, आणि त्या तिहींचा स्वभाव निरनिराळा आहे. पहिला बैलगाडीचा. तो स्वतः फिरत नाहीं. दोन्ही चाकें त्याच्या टोकांवर आपआपल्या गतीनें फिरतात. दुसरा आगगाडीचा. येथून नागपूरकडे जाणारी अडीच फुटी रुळांची लहान गाडी मार्ग रुंद करण्यासाठीं २०१९ सालीं बंद झाली. त्या गाडीचीं काय किंवा मोठ्या गाडीचीं काय, चाकें आंसावर घट्ट बसविलेलीं असतात, आणि आंस व चाकें मिळून जणूं एकच वस्तु फिरते. तिसरा मोटारीचा. तो इंजिनाची शक्ति चाकांपर्यंत पोंचवितो; परंतु तो अखंड नसतो, मधोमध दुभागलेला असतो.

असें कां? वळणावर बाहेरच्या चाकास आंतल्या चाकापेक्षां अधिक अंतर चालावें लागतें. बैलगाडीचीं चाकें सुटीं, म्हणून तिला अडचण नाहीं. आगगाडीच्या चाकाचा घेर शंकूसारखा किंचित् उतरता घडविलेला असतो. वळणावर बाहेरचें चाक आपल्या मोठ्या घेरावर चढतें, आंतलें लहान घेरावर येतें, आणि काम भागतें. मोटारींत मात्र दोन अर्ध्या आंसांच्या मध्यें दांतेरी चक्रांची एक जोडणी असते. तिला डिफरन्शियल म्हणतात. ती दोन्ही चाकांस सारखाच जोर वांटून देते, आणि ज्यास अधिक फिरावयाचें त्यास अधिक फिरूं देते.

हें सर्व मीं पुस्तकांत वाचलें होतें व वर्गांत शिकविलेंही होतें. परंतु त्याची खरी किंमत गेल्या दिवाळीच्या सुटींत एका सायंकाळीं कळली. आईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया उरकून आम्ही ब्रह्मपुरीहून परत येत होतों. आमची मोटार २००४ सालची मारुति ८००, एका स्नेह्याकडून नुकतीच घेतलेली. सुकाणूचें चक्र पुरतें वळविलें म्हणजे पुढील बाजूस ‘कट् कट्’ असा आवाज येऊं लागला होता, व सोमवारीं ती मिस्त्र्यास दाखवावयाची असें ठरलेंही होतें. गाडीनें सोमवारची वाट पाहिली नाहीं. शनिवारीं, नागभीड पांच-सहा किलोमीटर राहिलें असतां, रानांतून परतणारीं गुरें रस्त्यावर आलीं म्हणून आम्ही थांबलों. गुरें गेल्यावर चक्र वळवून पुढें निघणार, तोंच ‘खाड्’ असा आवाज झाला. इंजिन चालू, गिअर पडलेला, क्लच सोडलेला. तरी गाडी तसूभरही हलेना.

या बाजूचें रान वाघांचें आहे, हें येथील वाचकांस सांगावयास नको. दिवस मावळल्यावर त्या रस्त्यानें कोणी पायीं निघत नाहीं. आईच्या डोळ्यावर पट्टी होती आणि माझी पत्नी तिचा हात धरून बसली होती.

इतक्यांत एक ट्रॅक्टर थांबला. त्यावरील गृहस्थांनीं क्लचप्लेट जळाली असा निर्णय दिला. त्यांच्या सोबत्याच्या मतें गिअरपेटीच फुटली होती. दोघेही मदतीस धांवलेले भले लोक, आणि दोन्ही निदानें संभवनीय होतीं. परंतु त्यांपैकीं कोणतेंही खरें ठरतें, तर गिअरपेटी इंजिनापासून सोडवून खालीं उतरवावी लागती, आणि तो खर्च शिक्षकाच्या घरास हलका नव्हे.

मीं गांवांतील मिस्त्र्यास दूरध्वनि केला. हा माझाच एक जुना विद्यार्थी. विज्ञानांत त्यास किती गुण मिळत, हें येथें सांगण्याचें कारण नाहीं. त्यानें माझें सर्व म्हणणें शांतपणें ऐकून घेतलें आणि एकच प्रश्न विचारला, “सर, गिअर टाकून क्लच सोडला तर स्पीडचा काटा हालते का?”

मीं पाहिलें. गाडी जागच्या जागीं उभी, आणि कांटा विसावर चढलेला!

“मग क्लचले हात लावाचं काम नाही, सर. एक्सल गेला. गाडी ओढून आणू.”

त्याच्या प्रश्नाचें मर्म असें. या जुन्या मारुतींत वेगदर्शक कांट्याची तार डिफरन्शियलशीं जोडलेली असते. क्लच घसरत असता किंवा गिअरचें चक्र मोडलें असतें, तर शक्ति तेथवर पोंचलीच नसती आणि कांटा शून्यावर राहिला असता. कांटा चढला, त्या अर्थीं इंजिनापासून डिफरन्शियलपर्यंत सर्व धड होतें. बिघाड त्याच्या पलीकडे, चाकाच्या बाजूस होता.

मग दोहोंपैकीं एकच आंस मोडला असतां दुसरें चाक तरी गाडीस कां ओढीत नाहीं? एका कप्पीवरून दोर टाकून त्याच्या दोन्ही टोकांस दोन घागरी बांधा, आणि कप्पी वर उचला. दोन्ही घागरी उचलल्या जातील. आतां एक घागर सोडून टाका. कप्पी कितीही ओढली तरी दोर तिच्यावरून सरकत जाईल आणि उरलेली घागर जमिनीवरच राहील. डिफरन्शियलचेंही तसेंच. दोन्ही बाजूंस सारखा जोर वांटावयाचा हा त्याचा नियम. एका बाजूस अडविणारें कांहींच उरलें नाहीं, म्हणजे दुसऱ्या बाजूसही कांहींच मिळत नाहीं.

थोड्या वेळानें ब्रह्मपुरीकडून एस्. टी. आली. थांबा नसतांही चालकानें ती थांबविली, वाहकानें हात देऊन आईस वर घेतलें, आणि गाडीस कुलूप लावून आम्ही दिवेलागणीस घरीं पोंचलों.

सोमवारीं, म्हणजे ठरलेल्या दिवशींच, मोटार मिस्त्र्याच्या अंगणांत आली. मात्र ट्रॅक्टरच्या मागें बांधून. ती जमिनीवर असतांनाच, मला ब्रेक दाबून ठेवावयास सांगून, त्यानें चाकाच्या मध्यभागींचा मोठा नट सैल केला. मग जॅकनें गाडी उचलून खालीं लोखंडी घोडे लावले. केवळ जॅकच्या भरंवशावर तो कधींही गाडीखालीं शिरत नाहीं. इंजिन बंद ठेवून व गिअर टाकून त्यानें दोन्ही चाकें हातांनीं फिरविलीं. उजव्या चाकाबरोबर त्याचा आंसही फिरला. डावें चाक एकटेंच फिरलें. मोडलेली बाजू कळली.

गिअरपेटींतील तेल काढून, खालच्या दांड्याचा सांधा सोडवून, त्यानें चाकाचा तुंबा बाहेर ओढला व आंसाचें बाहेरचें टोक मोकळें केलें. आंतलें टोक तरफेनें, तेल अडविणाऱ्या रबरी कडीस न दुखवितां, हलकेंच काढलें. नवा आंस जुन्याशेजारीं ठेवून लांबी ताडून पाहिली, टोकांवरील दांते मोजले, आणि ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत तो आंत ढकलला. तो आवाज म्हणजे तारेची कडी खांचेंत बसल्याची खूण. शेवटीं तेल भरलें, गाडी खालीं घेऊन मोठा नट मोजपान्यानें नेमक्या जोरापर्यंत आवळला. त्यापूर्वीं उजव्या आंसावरील रबरी बूटही बदलला होता, कारण दोन्हींचें वय एकच होतें.

सर्व अनर्थाचें मूळ हा बूटच होता. कुर्ल्याच्या कारखान्यांत होणारी पद्मिनी मोटार, जी मुंबईंत टॅक्सीच्या रूपानें २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत धांवली, तिचीं मागचीं चाकें गाडी ढकलीत व पुढचीं केवळ वळत. मारुतींत पुढच्याच चाकांस ओढावयाचेंही असतें आणि वळावयाचेंही. ही दोन कामें एकत्र साधावीं म्हणून आल्फ्रेड झेपा नांवाच्या अमेरिकेंतील अभियंत्यानें १९२६ च्या सुमारास सहा पोलादी गोळ्यांचा सांधा योजिला. तसाच सांधा या आंसाच्या टोकास असतो. त्यांतील ग्रीज राखण्यासाठीं घडीदार रबरी बूट घातलेला असतो. आमच्या डाव्या बुटास घडीच्या आंत चीर पडली होती. तींतून ग्रीज बाहेर फेंकलें गेलें, धूळ आंत शिरली, खांचा झिजल्या आणि अखेर गोळ्या धरून ठेवणारा पिंजरा फुटला. ‘कट् कट्’ ही त्या झिजेची हांक होती.

विद्यार्थिमित्रहो, त्या सायंकाळीं तो जें सांगेल तें मी मान्य करणार होतों. क्लचचें काम मोठें व त्याची मजुरीही मोठी. त्यानें तें सुचविलें नाहीं, ही त्याची सचोटी. आणि रस्त्यावर न येतां, अंधारांत गाडी न पाहतां, खरें कारण सांगितलें, ही त्याची विद्या. ज्या प्रश्नाच्या एका उत्तरानें अर्धीं कारणें गळून पडतात, तो प्रश्न शोधून काढणें हेंच निदान. उदाहरण चुकलें म्हणून सारें पान खोडूं नका. मध्यावर एक पायरी पडताळून पाहा, म्हणजे चूक तिच्या अलीकडे कीं पलीकडे तें कळेल.

पालकांसही एक विनंति. मुलास गणित येत नाहीं असें सांगणाऱ्यांस मी हल्लीं विचारतों, तेंच उदाहरण तोंडीं घातलें तर त्यास सुटतें काय? सुटत असेल, तर बिघाड गणितांत नाहीं. तो वाचनांत असेल, किंवा फळा न दिसणाऱ्या डोळ्यांत असेल. शिकवणी लावण्यापूर्वीं हा कांटा एकदां पाहावा.

तो मोडका सांधा आतां शाळेच्या विज्ञानाच्या कपाटांत ठेवला आहे. ज्यास पाहावयाचा असेल त्यानें मधल्या सुटींत यावें. हातांस ग्रीज लागेल. तें धुवून मग वर्गांत बसावें.