उशिरा पटलेली ओळख

बंगळुरूच्या शिवाजीनगरात, रसेल मार्केटच्या शेजारी आणि बसस्थानकाच्या अखंड गजबजाटात सेंट मेरीज बॅसिलिका उभी आहे. पूर्वी ब्लॅकपल्ली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भागात १८८२ साली पूर्ण झालेले हे चर्च गॉथिक शैलीचे, म्हणजे टोकदार कमानींचे आणि उंच निमुळत्या मनोऱ्याचे असून, १९७४ मध्ये त्याला ‘बॅसिलिका’ हा पोपने द्यावयाचा विशेष मानाचा दर्जा मिळाला. ऑगस्टच्या अखेरीस येथे ध्वज चढतो, नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची सामूहिक प्रार्थना चालते आणि ८ सप्टेंबरला, मरियेच्या जन्मोत्सवी, रथाची मिरवणूक निघते. या दिवसांत भगवी वस्त्रे नेसून आलेल्या भाविकांची रीघ लागते, साडी नेसवलेल्या मरियेच्या मूर्तीपुढे हिंदू आणि मुसलमान शेजारीही मेणबत्त्या लावतात, आणि मोगऱ्याचा गंध, वितळत्या मेणाचा वास, तमिळ प्रार्थनांचा ठेका व रस्त्यावरच्या भोंग्यांचा कल्लोळ यांतले काहीच एकमेकांपासून वेगळे काढता येत नाही.

पवित्र क्षण शांततेतच उतरतो, हा समज अशा ठिकाणी टिकत नाही. आणि तो टिकू नये, कारण ज्या बायबलवर ही श्रद्धा उभी आहे त्यातही असे क्षण प्रवासात, जेवणात आणि थकव्यात येतात. विशेष असे की, ते आले तेव्हा सहसा ओळखले गेले नाहीत. उत्पत्तीच्या पुस्तकातला याकोब घरातून पळून निघालेला, वाटेत दगड उशाशी घेऊन झोपलेला. देव त्या जागी होता हे त्याला जाग आल्यावर कळले आणि त्याने तोच दगड खुणेसाठी उभा करून त्यावर तेल ओतले. लूकच्या शुभवर्तमानात अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्यांबरोबर पुनरुत्थित येशू बराच वेळ चालतो, तरी त्यांना तो कळत नाही. भाकर मोडताना ओळख पटते, त्याच क्षणी तो दिसेनासा होतो, आणि वाटेत आपले अंतःकरण का पेटले होते याचा अर्थ त्यांना मागाहून लागतो. म्हणून ख्रिस्ती साधनेत स्मरण ही ओळख पटण्याचीच रीत आहे. क्षण हातून गेल्यावर ती सुरू होते, आणि त्यासाठी उभा दगड, ठरलेला वार, ठरलेली तिथी अशी खूण लागते.

बंगळुरूच्या ख्रिस्ती जीवनात अशा खुणा विपुल आहेत. विवेकनगरातल्या बाळ येशूच्या चर्चमध्ये दर गुरुवारी गर्दी लोटते. कोणाचे आजारपण, कोणाची परीक्षा, कोणाचा तुटलेला संसार त्या रांगेत उभा असतो, आणि अशा नवसाच्या भक्तीला कमी लेखण्याची सुशिक्षित सवय अन्यायाची आहे. मात्र मागितले ते मिळाले एवढेच लक्षात राहिले, तर स्मरणाची उधारीची वही होते आणि न मागता लाभलेले सारे तिच्यात नोंदवायचे राहून जाते. या दृष्टीने मंगळूरकडून आलेल्या कोंकणीभाषक कॅथलिक घरांतला ‘मोंती फेस्त’ अधिक बोलका वाटतो. त्याच ८ सप्टेंबरला लहान मुले मरियेला फुले वाहतात, चर्चमध्ये आशीर्वादित झालेल्या भाताच्या नव्या लोंब्या घरी येतात, त्यांचे दाणे दुधात वा पायसात घालून सर्वांना वाटले जातात आणि मग शाकाहारी जेवणाची पंगत बसते. शेत कधीच सुटलेले असते, सदनिका पाचव्या मजल्यावर असते, तरी त्या दाण्याबरोबर वर्षभराच्या भाकरीची ओळख पटते. मराठीत लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनाला जे मोल आहे, तेही यामुळेच: धर्मांतरासारखी उलथापालथ त्यांनी चूल, मुले आणि रुसवेफुगवे यांच्या ओघातच सांगितली, आणि तीही पुष्कळ वर्षे लोटल्यावर.

सण वर्षातून एकदा येतो. रोजच्या दिवसासाठी सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी ‘एक्झामेन’ म्हणजे दिवसाचे परीक्षण ही साधना घालून दिली, आणि त्यांच्या येशूसंघाच्या, म्हणजे जेझुइट, धर्मगुरूंमुळे ती या शहरातही रुजली. आधी कृतज्ञता, मग समजण्यासाठी प्रकाशाची याचना, त्यानंतर दिवसाचा तास-तास मागे वळून पाहणे, चुकांची क्षमा आणि उद्याचा संकल्प असा तिचा क्रम असतो. कामाच्या रेट्यात इतर प्रार्थना राहिल्या तरी हे परीक्षण टाळू नये, असा इग्नेशियस यांचा आपल्या सहकाऱ्यांना आग्रह होता. मठातला दिवस घंटेच्या ठोक्यांनी आधीच आखलेला असतो. रात्रपाळी करून रिंग रोडवरच्या कोंडीत तासन्‌तास अडकणाऱ्या बंगळुरूच्या ख्रिस्ती माणसाला तशी घंटा नाही, म्हणून पाव तासाच्या या परीक्षणाची गरज संन्याशापेक्षा त्यालाच अधिक आहे.