आधी कार्ड बंद, मग भांडण

फ्लॉरेन्सच्या हॉटेलात रात्री अकराच्या सुमारास मोबाइल वाजला. घरी सांगलीत तेव्हा अडीच वाजले असतील. बँकेचा मेसेज होता : क्रेडिट कार्डावरून एक डॉलर खर्च. वाटलं, हॉटेलनं अनामत अडकवली असेल. चेक-इनच्या वेळी हॉटेलवाले असं करतात. पैसे जात नाहीत, पण कार्डाची तेवढी मर्यादा अडकून राहते. मग डोक्यात प्रकाश पडला. इटलीतलं हॉटेल डॉलर कशाला घेईल? तेवढ्यात दुसरा मेसेज आला, सहाशे चाळीस डॉलरचा. कुठल्याशा ऑनलाइन दुकानाचं नाव. आधी चिल्लर रक्कम टाकून कार्ड चालतंय का बघायचं आणि मग हात मारायचा, ही या चोरांची नेहमीची रीत.

"ओटीपी नाही, काही नाही, आणि पैसे गेले कसे?" आमचे हे चक्रावलेच. आपल्याकडे ओटीपीची इतकी सवय झाली आहे की त्याच्याविना व्यवहार होतो हेच पटत नाही. पण परदेशातल्या बऱ्याच वेबसाइटवर कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर भागतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डावर परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार बंदच असतात, आपण चालू करायचे. आम्ही निघताना ते चालू केले होते. त्याशिवाय हॉटेलांची बुकिंगं होणार कशी?

ह्यांना रोमच्या हॉटेलातला माणूस आठवला. कार्ड घेऊन तो आतल्या खोलीत गेला होता आणि बराच वेळ बाहेर आला नव्हता. "इथल्या रिसेप्शनवरही कार्डाची झेरॉक्स काढली. थांब, खाली जाऊन विचारतोच."

"अहो, भांडायला अख्खी सकाळ पडलीय. आधी कार्ड बंद करू."

बँकेच्या ॲपवर कार्ड ब्लॉक केलं आणि फोन लावला. कार्डामागचा १८०० चा टोल फ्री नंबर इटलीतून लागेना. परदेशातून करायचा, +९१ ने सुरू होणारा नंबर वेगळा असतो; तो ॲपमध्ये सापडला. फोनवरच्या बाईंनी दोन्ही व्यवहार नोंदवून तक्रार क्रमांक दिला. तो मी लिहून घेतला आणि लगोलग ईमेलही टाकला, म्हणजे कळवल्याची वेळ कागदोपत्री राहिली.

सकाळी नवाच पेच. व्हेनिसच्या हॉटेलची खोली याच कार्डाच्या भरवशावर राखलेली होती. कार्ड बंद म्हटल्यावर त्यांनी बुकिंग रद्द केलं तर? फोन करून ह्यांचं दुसऱ्या बँकेचं कार्ड दिलं तेव्हा काम झालं. दुसरं कार्डच नसतं, तर कदाचित अनामत रोखीनं भरावी लागली असती. सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रारही त्याच दिवशी केली.

खरी कसोटी घरी आल्यावर लागली. बँकेनं विचारलं, "कार्ड तुमच्याकडेच होतं ना? मग दुसरा कसा वापरेल?" मी त्यांना रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाची आठवण करून दिली. चूक ना ग्राहकाची, ना बँकेची, पण तिसऱ्यानं हात मारला, अशा वेळी बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर एक पैशाचाही बोजा येत नाही. चार ते सात कामकाजाचे दिवस लागले तर काही हजारांपर्यंतची झळ बसते. त्यापुढे बँकेच्या धोरणावर. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची आणि नव्वद दिवसांत निकाल लावायचा, हेही त्यात आहे. मुख्य म्हणजे, दोष ग्राहकाचा आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची.

पुढे पैसे जमा झाले, पण परकीय चलनाचं मार्कअप शुल्क आणि त्यावरचा जीएसटी तसाच राहिला. त्यासाठी पुन्हा लिहावं लागलं. मूळ खर्चच माझा नव्हता, तर त्यावरचं शुल्क मी का भरू, एवढंच विचारलं. तेही मिळालं.

नंबर नेमका कुठून फुटला, हे आजतागायत कळलेलं नाही. रोममध्ये असेल, फ्लॉरेन्समध्ये असेल किंवा एखाद्या बुकिंगच्या साइटवरूनही असेल. रिसेप्शनवर जाऊन आरडाओरडा केला असता तरी यापलीकडे काही हाती लागलं नसतं. उलट तेवढ्या वेळात चोरानं आणखी एक खरेदी केली असती.

तेव्हा परदेशी निघताना दोन बँकांची दोन कार्डं दोन वेगळ्या पाकिटांत ठेवा. बँकेचा +९१ चा नंबर कागदावर लिहून घ्या. परदेशी व्यवहारांची मर्यादा गरजेपुरतीच ठेवा आणि परतल्यावर ते बंद करा. आणि अनोळखी खर्चाचा मेसेज आलाच, तर चोर कोण याचा विचार नंतर करा. आधी कार्ड बंद करा, बँकेला कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या. पैसे परत मिळणं तुम्ही कधी कळवलं यावरच ठरतं.