उशिरा पोहोचलेले घड्याळ

चौकला मुद्दाम असे कुणी जात नाही. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पनवेल सोडले की प्रवाशाला वेध लागतात ते खोपोलीचे आणि बोरघाटाचे. मध्ये कुठेतरी गाडी दोन मिनिटे थांबते, चार माणसे उतरतात, कर्जतचा फाटा मागे पडतो, ते चौक. द्रुतगती मार्ग झाल्यापासून तर पुण्याची गर्दी बहुतेक त्या वाटेने निघून जाते आणि जुन्या रस्त्याला थोडी उसंत मिळते.

मी मात्र या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मुद्दाम चौकला गेलो. माझ्या मनगटावर एक घड्याळ होते आणि ते मला परत करायचे होते. परत करण्याची मुदत मार्च १९६९ मध्येच संपली होती!

घड्याळ मामांचे. चौकला शाळामास्तर असताना दोन वर्षांची शिल्लक घालून त्यांनी ते १९६५ साली मुंबईत घेतले. फेवर-ल्यूबा, सतरा ज्वेलचे, हाताने किल्ली देण्याचे. आजच्या मुलांना या नावाची मातब्बरी कळायची नाही. ही स्विस पेढी १७३७ सालची, आणि १८६५ पासून तिचे हिंदुस्थानशी नाते. बंगलोरला एच. एम. टी.चा कारखाना निघाला तो १९६१ साली. त्याआधी आणि नंतरही कितीतरी वर्षे मध्यमवर्गीय घरात स्विस घड्याळ ही दागिन्याच्या तोडीची वस्तू होती. जावयाला घड्याळ दिले की लग्नाच्या बैठकीत इतर कलमे सैल होत.

पण मामांनी ते घड्याळ हौसेखातर घेतले नव्हते. मामांचे एक वेड होते : हेरकथा. बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड त्यांनी तरुणपणीच संपवले होते. पुढे मुंबईला गेले की फाउंटनच्या फुटपाथवरून ते इंग्रजी जुनी पुस्तके आणू लागले. त्यांत त्यांना इयान फ्लेमिंग भेटला. हा लेखक दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आरमाराच्या हेरखात्यात खरोखरच काम केलेला. १९५३ साली त्याची 'कॅसिनो रोयाल' प्रसिद्ध झाली आणि जेम्स बाँड जन्माला आला. रात्री जेवणे झाली की ओटीवर कंदील लावून मामा आम्हा भाचरांना त्या गोष्टी मराठीतून सांगत. त्यांच्या तोंडी बाँडचा 'बंडसाहेब' झाला होता. बंडसाहेब दारू न पिता कोकम पीत असत आणि बायकांशी बोलताना मान खाली घालीत. एवढे फेरफार सोडले, तर बाकी सारे फ्लेमिंगच्या बरहुकूम.

मामांचा एक सिद्धांत होता. "हेराचं खरं हत्यार पिस्तूल नव्हे रे, घड्याळ!" ते म्हणत. "पिस्तूल चुकलं तर एक माणूस वाचतो. घड्याळ चुकलं तर आपली दहा माणसं मरतात."

पुढे मी स्वतः ती पुस्तके वाचली, चित्रपट पाहिले, तेव्हा मामांचे म्हणणे किती खरे होते ते कळले. १९६३ च्या 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस' या कादंबरीत बाँडच्या हातात रोलेक्स आहे. तो ती मुठीवर चढवून पहारेकऱ्याला ठोसा हाणतो, आणि घड्याळ कामी येते ते कायमचेच! १९६२ च्या 'डॉ. नो' या पहिल्या बाँडपटात शॉन कॉनरीच्या मनगटावर रोलेक्सचे सबमरिनर दिसते. जाड चावीचे, पाणबुड्यांसाठी बनवलेले ते घड्याळ त्या काळी एक कामाचे अवजार होते; आज त्या नमुन्यासाठी धनिक लोक लिलावात एकमेकांवर चढाओढ करतात. 'गोल्डफिंगर'च्या आरंभी बाँड स्फोटके लावून येतो, पांढरा कोट चढवतो, सिगारेट पेटवण्याच्या निमित्ताने घड्याळ बघतो, आणि ठरल्या क्षणी बाहेर धडाका होतो. घड्याळाने तिथे काहीही चमत्कार केलेला नाही. त्याने फक्त वेळ बरोबर सांगितली.

चमत्कार नंतर आले. १९६५ च्या 'थंडरबॉल'मध्ये ब्राइटलिंगच्या घड्याळात किरणोत्सर्ग मोजण्याचे यंत्र बसवले. १९७३ मध्ये रोलेक्सला लोहचुंबक आणि फिरती करवत जोडली. १९७७ मध्ये जपानी सीको आले आणि घड्याळातून छापील निरोपाची पट्टी बाहेर पडू लागली. १९९५ पासून ओमेगा आले. त्या 'थंडरबॉल'मधल्या घड्याळाची गंमत तर कादंबरीत शोभावी अशी आहे. ते कुणाला तरी इंग्लंडातल्या जुन्या सामानाच्या बाजारात पंचवीस पौंडांना मिळाले, आणि २०१३ साली लंडनच्या लिलावात त्याला एक लाख पौंडांहून अधिक किंमत आली.

मामांच्या फेवर-ल्यूबाला असले पिसाट अवयव नव्हते. पण त्याच पेढीने १९६२ मध्ये 'बिव्हॉक' नावाचे घड्याळ काढले होते. त्यात हवेचा दाब मोजून डोंगराची उंची सांगण्याची सोय होती. पुढे १९६८ मध्ये 'बॅथी' आले. ते पाणबुड्याला पाण्याची खोली सांगे. चित्रपटातल्या बाँडला जे खोटे खोटे मिळत होते, त्यातले थोडे ही माणसे खरोखरच करून दाखवत होती. मामा हे मोठ्या अभिमानाने सांगत. जणू पेढीत त्यांची पाती होती!

१९६८ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी चौकला होतो. मार्चमध्ये एस. एस. सी. ची परीक्षा. निघताना मामांनी मनगटावरचे घड्याळ काढले आणि माझ्या हातावर बांधले. पट्ट्याला एक भोक जास्तीचे पाडावे लागले. "पेपर लिहिताना प्रत्येक प्रश्नाला किती मिनिटं ते आधी ठरव. परीक्षा झाली की परत आण."

परीक्षा झाली, निकाल लागला, कॉलेज सुरू झाले. मी घड्याळ परत नेले नाही. पहिल्या वर्षी विसरलो, दुसऱ्या वर्षी लाज वाटली, तिसऱ्या वर्षी ते माझेच होऊन गेले. मामा भेटत तेव्हा माझ्या मनगटाकडे एकदा बघत, आणि काही बोलत नसत. ते स्वतः शाळेच्या घंटेवर दिवस काढीत.

१९९४ च्या पावसाळ्यात त्यांचे कार्ड आले. दोनच ओळी. प्रकृती बरी नाही, आणि येताना घड्याळ घेऊन ये. मला वाटले, अखेर मागितले! खरे सांगतो, मनात पहिला विचार प्रकृतीचा आला नाही, घड्याळाचा आला. कचेरीत काम होते; आठवड्याने जाऊ म्हटले. आठवड्याने गेलो तेव्हा तिसरा दिवस होता. त्या सुतकाच्या घरात घड्याळाचे नाव काढण्याचे धैर्य मला झाले नाही. ते मनगटावर ठेवूनच मी परतलो, आणि पुढची तीस वर्षे ते टिकटिकत राहिले. अशा घड्याळाचा बॅलन्स तासाला साधारण अठरा हजार वेळा हलतो. झोप न लागणाऱ्या माणसाने ते मोजू नये.

पनवेलहून एस. टी. निघाली. शेडुंग गेले की डाव्या हाताला प्रबळगडाचा आडवा कडा उभा राहतो, आणि त्याच्या पुढे इर्शाळचा सुळका. त्याच्या माथ्याजवळ आरपार भोक आहे, त्याला नेढे म्हणतात. लहानपणी आम्ही त्यातून पलीकडचे आभाळ बघायला धडपडत असू. आता त्या डोंगराकडे पाहताना मान आपोआप खाली जाते. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. वर जायला गाडीरस्ता नव्हता. भर पावसात, अंधारात, मदतीची माणसे चिखलातून पायी चढून गेली. वाचलेल्यांसाठी पुढे चौकजवळ नवी वसाहत उभी राहिली. वेळेवर पोहोचणे म्हणजे काय असते, ते या डोंगराने ज्याला शिकवले त्याला घड्याळाची गोडी सांगू नये.

पलीकडे माथेरान. ते डोंगरमाथ्याचे सुंदर गाव साहेबाला सापडले ते चौकमुळेच. मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांचा तळ चौकला पडला होता. थोडे पाणी बरोबर घेऊन, पहाटे उठून, चौकच्या पाटलाला वाट दाखवायला घेऊन ते वन ट्री हिलच्या बाजूने चढले आणि रामबागेकडून उतरले. साहेबाचे नाव इतिहासात राहिले. पाटलाचे राहिले नाही. टेहळणी करणाऱ्याच्या नशिबी हे असेच येते.

पण चौकचा सर्वांत मोठा माणूस या दोघांहून दोनशे वर्षे जुना. शिवाजी महाराजांचे सरनोबत नेताजी पालकर यांना चौक आपला माणूस मानते. प्रतिशिवाजी म्हणत त्यांना. मामांच्या मते बंडसाहेबाच्या सगळ्या गोष्टी नेताजींच्या एका आयुष्यापुढे फिक्या होत्या, आणि ती कथा ते नेहमी शेवटी सांगत.

त्या काळी हेर होते, घड्याळ नव्हते. पाण्यात तरंगणारे, बुडाला बारीक भोक असलेले घटिकापात्र बुडाले की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटे. ते घेऊन घोडदौड करता येत नाही. तरीही १६६१ मध्ये याच खालापूर तालुक्यातल्या उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज पुरती आत येईपर्यंत मावळे रानात श्वास रोखून बसले, आणि नेमक्या क्षणी दोन्ही तोंडे बंद झाली. खानाला खंडणी देऊन सुटका करून घ्यावी लागली. जानेवारी १६६६ मध्ये पन्हाळ्यावर मात्र उलटे झाले. महाराजांनी रात्रीचा छापा घातला, तो फसला, सुमारे हजार माणूस पडले. सभासदाच्या बखरीप्रमाणे नेताजी वेळेवर येऊन पोहोचले नाहीत. महाराजांनी जाब विचारला आणि सरनोबती काढून घेतली.

पुढचे सारे हेरकथेसारखे. नेताजी विजापूरला गेले, तिथून मिर्झा राजा जयसिंगाने त्यांना मोगलांकडे ओढले. यात महाराजांचाच काही डाव होता, असाही तर्क कुणी कुणी करतात. महाराज आग्र्याहून निसटले आणि औरंगजेबाने नेताजींना कैद करवले. १६६७ मध्ये धर्म बदलला, नाव बदलले, मुहम्मद कुलीखान म्हणून काबूलच्या बाजूला रवानगी झाली. सुमारे नऊ वर्षे. आणि १६७६ मध्ये हा माणूस परत आला. महाराजांनी त्यांना शुद्ध करून घेतले, पुन्हा आपले म्हटले.

"एकदा उशीर झाला म्हणून दहा वर्षं गेली," मामा म्हणत, "पण आला हो शेवटी!" आणि कंदिलाची वात खाली करत.

मामींचे वय आता अठ्ठ्याऐंशी. त्या ओटीवरच बसल्या होत्या. मी पायां पडलो, चहा झाला, फराळाची ताटली आली. मग मी घड्याळ काढून त्यांच्या पुढ्यात ठेवले. मुंबईत एका ओळखीच्या शौकिनाने त्यासाठी बरी किंमत देऊ केली होती. तबकडी नव्याने रंगवून देतो, असेही तो म्हणाला होता. अशा रंगरंगोटी केलेल्या जुन्या घड्याळांना परदेशातले संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणून नाके मुरडतात. मी रंगवू दिले नाही. काचेवरचा ओरखडा मामा सायकलवरून पडले तेव्हाचा आहे.

"मामी, मामांनी हे मागितलं होतं. मला यायला उशीर झाला."

मामींनी ते कानाशी धरले. बराच वेळ. मग म्हणाल्या, "मागितलं होतं की काय, ते मला नाही ठाऊक. शेवटी शेवटी त्यांना बोलवत नव्हतं. घड्याळाचं काही बोलले नाहीत. तू आलास का, एवढंच दोनदा विचारलं."

यावर काय बोलायचे? समोर इर्शाळच्या सुळक्यावरून ऊन उतरत होते. आतून मामेभावाची मुलगी आली. ती खोपोलीला नोकरीला जाते, वेळ मोबाइलवर बघते. मामींनी घड्याळ तिच्या मनगटावर बांधले. मी मुलगा असताना पाडलेले ते जास्तीचे भोक तिला बरोबर बसले.

"काका, याला चार्जिंग कुठून करायचं?" तिने विचारले.

मी तिला किल्ली द्यायला शिकवले. रोज सकाळी, एकाच वेळी, हलक्या हाताने. घट्ट लागली की थांबायचे. मामी ऐकत होत्या.

"तिच्यानं रोज होईलच असं नाही हो," त्या म्हणाल्या. "तू महिन्यातून एकदा येऊन बघत जा, बरोबर चाललंय का ते."

परतीची एस. टी. साडेपाचला होती. वेळ बघायला मी मनगट वर केले. तिथे नुसता पांढरा पट्टा उमटलेला होता. फाट्यावर मी गाडीच्या आधी वीस मिनिटे जाऊन उभा राहिलो.