ऱ्होन उतरताना
(दैनंदिनी, भाग २: ल्यों ते आर्ल)

दिवस पहिला. ल्यों. रात्रीचे साडेअकरा

ताईचा गुडघा सुजलाय, ती पाय उशीवर ठेवून पडली आहे. मी फक्त खर्च लिहून झोपणार होते. पण क्रुआ-रूसच्या टेकडीवर जे पाहिलं ते उतरवल्याशिवाय डोळा लागणार नाही.

तिथल्या जुन्या घरांची छतं चार मीटर उंच आहेत, कारण खोलीत माग मावायला हवा. खिडक्याही उजेडासाठी तशाच उंच. एकाच खोलीत काम, चूल, झोपणं, सगळं. रेशीम पावसात भिजू नये म्हणून विणकर ते घरांच्या पोटातून जाणाऱ्या बोळांनी न्यायचे. या बोळांना इथे त्राबूल म्हणतात. १८३१ साली याच विणकरांनी मजुरीचा किमान दर मागितला. तो मिळेना तेव्हा त्यांनी बंड करून शहर ताब्यात घेतलं. मग सैन्य आलं.

एका कार्यशाळेत जकार्डचा माग चालवून दाखवला. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरायला लागली आणि ताईनं माझा हात घट्ट धरला. साखर पेठेतल्या आमच्या घरात अण्णांचे माग विजेवर चालायचे, त्यामुळे गोंगाट वेगळा. पण माळ पुढे सरकताना होणारी टकटक अगदी तीच. पुठ्ठ्यात भोक असेल तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथे तो खालीच राहतो. एवढ्यावर मोर उमटतो, वेल उमटते. या युक्तीवर चालणारा हा माग १८०४ साली ल्योंच्या झोझेफ-मारी जकारनं तयार केला. अख्खं सोलापूर ‘जकार्ड, जकार्ड’ म्हणतं, पण ते एका माणसाचं नाव आहे हे मला आज, बासष्टाव्या वर्षी कळलं.

अण्णांची मोराची चादर मी बॅगेत घालून आणली आहे. वीस-बावीस वर्षं ट्रंकेतच होती. फोनमधला तिचा फोटो मी माग चालवणाऱ्या बाईंना दाखवला. त्यांनी तो मोठा करून मोराच्या पिसाऱ्यावरून बोट फिरवलं आणि गाइडकरवी विचारलं, ही ज्यावर विणली तो माग अजून चालतो का? मी सांगितलं, अण्णा गेल्यावर भंगारात दिला. बाई काही बोलल्या नाहीत. पुन्हा मागावर बसल्या.

खर्च: कॉफी २, पाणी, गुडघ्याचं मलम. एकूण १९ युरो. बोटीवरचा चहा कोमट.

दिवस दुसरा. व्हिएन

लॉक (बोट खालच्या पातळीवर उतरवायचा पाण्याचा हौद): १. उशीर: ४० मिनिटं. चहा: कोमट.

ऑगस्टस आणि लिव्हियाचं देऊळ पाहिलं. दोन हजार वर्षांचे खांब गावाच्या मधोमध उभे आहेत आणि पायरीशी पोरं आइस्क्रीम खातायत. रोमन गेल्यावर लोकांनी खांबांच्या मधे भिंती घालून त्याचं चर्च केलं. क्रांतीच्या काळात तेही मोडलं, पुढे तिथे न्यायालय भरलं. आमचा गाइड म्हणाला, वापरात राहिलं म्हणून टिकलं. रिकाम्या देवळाचे दगड लोक घरं बांधायला उचलून नेतात.

हे वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना. ताईलाही सांगितलं. ती म्हणाली, “आणि आपले माग?”

दिवस तिसरा. तँ आणि तुर्नों

लॉक: ३. उशीर: तासभर. खर्च: चॉकलेट २२ युरो, पोस्टकार्डं ४, ताईसाठी टोपी १५ (इथे सगळं महाग आहे). चहा पुन्हा कोमट. आता सांगून सांगून कंटाळा आला.

समोरासमोरच्या या दोन गावांमध्ये एक झुलता पूल आहे, फक्त पायी जाणाऱ्यांसाठी. मार्क सेगँ नावाच्या अभियंत्यानं १८२५ साली इथे तारांवर टांगलेला पूल बांधला. तो पुढे पाडला. १८४९चा दुसरा मात्र उभा आहे. शाळा सुटलेली मुलं दप्तरं उडवत त्यावरून घरी चालली होती, त्यांच्या पावलांनी फळ्या हलत होत्या. मागच्या टेकडीवर द्राक्षांचे मळे इतके उभे चढलेत की दगडी बांध घातल्याशिवाय माती थांबत नाही.

दिवस चौथा. व्हिव्हिये

आज मन लागलं नाही. मिस्त्राल सुटलाय. हा उत्तरेचा वारा खोऱ्यातून अक्षरशः ओतला जातो. शेतांच्या उत्तर बाजूला सुरूच्या झाडांच्या रांगा लावल्यात, जुन्या शेतघरांच्या त्या बाजूच्या भिंतीला खिडकी नाही. ऊन लख्ख, आणि कान दुखतायत.

वाटेत क्रुआसच्या अणुवीज केंद्राचं एक प्रचंड धुरांडं दिसलं. धुरांडं कसलं, पाणी गार करायचा मनोरा. त्यावर पाण्याशी खेळणारं एक मूल रंगवलंय.

गावात चिटपाखरू नव्हतं. वर कॅथीड्रलपर्यंत एकटीच गेले. ताई खालीच, चिनारांच्या सावलीत. परत येऊन पाहते तर ती चार म्हाताऱ्यांबरोबर लोखंडी गोळे टाकत होती! तिला फ्रेंच येत नाही, त्यांना मराठी येत नाही. एकानं तिला वाकावं लागू नये म्हणून दोरीला बांधलेलं लोहचुंबक दिलं, त्यानं गोळा उभ्याउभ्या उचलता येतो. त्यांचे गुडघेही तसलेच असणार. ताई दोनदा जिंकली म्हणते.

संध्याकाळी डेकवर थंडी सोसवेना, म्हणून शेवटी चादर काढली. दोघी एकाच चादरीत बसलो.

दिवस पाचवा. आविन्यों

पहाटे बोलेनचा लॉक. तिथे बोट सुमारे २३ मीटर खाली उतरते. दोन्ही कडांना वीतभर जागा उरते. ओल्या काळ्या भिंती वर सरकत गेल्या आणि आकाश एका पट्टीएवढं झालं. ही नदी फार द्वाड होती असं सगळे सांगतात. ल्योंपासून समुद्रापर्यंत तिला अशा बारा पायऱ्या घातल्यात.

१३०९ साली पोप रोमऐवजी इथे राहायला आले, आणि एकूण सात पोप इथूनच कारभार करत राहिले. त्यांचा राजवाडा किल्ल्यासारखा आहे. आत दालनांमागून दालनं, सामान काहीच नाही. मोठेपणा समजला, जीव मात्र रमला नाही.

पुलापाशी रमला. गाण्यामुळे जगभर माहीत झालेला हा पूल नदीच्या मधेच संपतो. बावीस कमानींपैकी चार उरल्यात. पूर यायचा, कमानी वाहून जायच्या, गाव पुन्हा बांधायचं. असं शतकानुशतकं चाललं. सतराव्या शतकात गावानं हात टेकले. शेवटच्या कमानीच्या टोकाशी उभी राहिले आणि खाली पाणी पाहिलं. खूप वेगानं जातं. गावाला दोष देववेना.

कॉफीचा कप चादरीवर सांडला, मोराच्या मानेवरच. ताई माझ्यावर चिडली: “अण्णांची वस्तू बाहेर काढायचीच कशाला?” रात्री जेवताना बोलली नाही.

खर्च: ३१ युरो.

दिवस सहावा. पों द्यु गार

बसनं गेलो. कमानींचे तीन मजले, उंची ४९ मीटर. नीम शहराला पाणी न्यायला रोमनांनी पन्नास किलोमीटरचा पाट बांधला, त्यातला हा नदी ओलांडायचा तुकडा. एवढ्या लांबीत उतार साधारण साडेबारा मीटरच. म्हणजे किलोमीटरला वीतभर. पाणी वाहतंय की थांबलंय हे डोळ्याला कळू नये, इतकंच.

पाट बंद पडल्यावर लोकांनी याचाच रस्ता केला. बैलगाड्या जाव्यात म्हणून मधल्या मजल्याचे खांबही तासून काढले. त्यामुळे पूल कमकुवत झाला, मग डागडुजी करावी लागली. दगडांवर गवंड्यांनी आपली नावं आणि हत्यारं कोरली आहेत. ताई एकेका नावावरून हात फिरवत चालली होती. परतताना आपणहून म्हणाली, “डाग साबणानं जाईल का बघू.”

दिवस सातवा. आर्ल

रोमनांचं रंगमंडल. वीस हजार माणसं मावत. साम्राज्य गेल्यावर लोकांनी आतच दोनशेच्या वर घरं बांधली, कमानी बुजवल्या, गाव करून राहिले. एकोणिसाव्या शतकात घरं हटवून ते मोकळं केलं. गाइडचं वाक्य पुन्हा खरं ठरलं असं वाटलं.

दुपारी संग्रहालयात मात्र त्याला उत्तर मिळालं. ३१ मीटर लांबीची रोमन मालवाहू होडी, २००४ साली ऱ्होनच्या तळाशी सापडली, २०११ मध्ये बाहेर काढली. दगड भरलेली होती तशीच बुडाली. तिला कुणी वापरलं नाही, कुणी डागडुजी केली नाही. गाळानं जपलं. खलाशांची जेवणाची भांडीसुद्धा मिळाली. एवढं नीट राहिलेलं लाकूड पाहून आनंद व्हायला हवा. मला त्या भांड्यांपाशी रडू आलं. त्यात कुणी पुन्हा जेवलं नाही.

ट्रंकही गाळासारखीच. चादर बावीस वर्षं नवीकोरी राहिली आणि एकदाही कुणाला ऊब दिली नाही.

रात्री केबिनच्या बेसिनमध्ये आम्ही दोघींनी ती धुतली. ताईनं घासली, मी पिळली. डाग फिका झाला, गेला नाही. ताई म्हणाली, “राहू दे. घरी गेल्यावर दिवाणावर घालू.”

चादर खुर्चीवर वाळत टाकली आहे. खर्च: साबण ३, पोस्टाची तिकिटं ६.