मामंजींचा चाकू

आमच्या घरी दुपारच्या चहानंतरचा एक कार्यक्रम वर्षानुवर्षं ठरलेला. मामंजी माडीवरून खाली येणार, सोप्यातल्या आरामखुर्चीत बसणार, सदऱ्याच्या खिशातून चाकू काढणार आणि पेरू, चिकू, उसाचं कांडं, जे काय घरात असेल ते कापून सगळ्यांना वाटणार. पहिली फोड सासूबाईंची, हे ठरलेलं.

चाकू मिटणारा. पितळी मूठ, तिच्यावर लाकडी पट्ट्या, चार बोटं लांबीचं पातं आणि पाठीवर खटका. १९६८ साली जोतिबाच्या यात्रेत त्यांनी तो घेतला. मामंजींची सारी नोकरी गुळाच्या अडतीवर दिवाणजी म्हणून गेली. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली शाहूपुरीची पेठ म्हणजे गुळाचं माहेरघर. ढेपेची कपची या चाकूनं काढायची, जिभेवर ठेवायची आणि माल कसा आहे ते सांगायचं, हे त्यांचं काम. नोकरी सुटली, तरी जेवणानंतर गुळाचा खडा याच चाकूनं काढायची सवय काही सुटली नाही.

मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा तो चाकू बघून बिचकलेच होते. हिंदी सिनेमातला गुंड खटकन् उघडतो तो रामपुरी मला आठवला. त्या रामपूर शहरानं तर २०२३ मध्ये चौकात वीस फुटी चाकूच उभा केला! पण आमच्या घरात ‘खट्’ असा आवाज आला की पोरं धावत यायची. तो खाऊचा आवाज होता.

तर गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. दुसऱ्या गुरुवारी पूजेची फळं कापायला मामंजी बसले. सफरचंदात पातं जरा अडकलं, त्यांनी ते मागे ओढलं आणि चाकू एकदम मिटला तो त्यांच्या बोटावरच. रक्त पातळ राहायच्या गोळ्या चालू, त्यामुळे रक्त थांबेना. डॉक्टरांकडे जाऊन तीन टाके घालून आणले.

घरी आल्यावर यांनी चाकू उचलला आणि कपाटात टाकून किल्ली खिशात घातली. “आता बास झालं, आबा. हात थरथरतात तुमचे. वय झालं.”

मामंजी काहीच बोलले नाहीत. आम्हीही कुणी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी ते चारला खाली आले. हात सवयीनं खिशाकडे गेला आणि तसाच परत आला. मी विळीवर पेरू चिरून बशी पुढे केली, तर म्हणाले, “नको, पोट भरलंय.” चौथ्या दिवशी ते खालीच आले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, “चाकू गेल्यापास्नं माणूस गप झालाय बघ.” माझ्या पोटात कालवलं.

रात्री विचार करत बसले. मी समोरच होते त्या दिवशी. हात थरथरला नव्हता, खटका सुटला होता. दोष चाकूचा आणि शिक्षा मात्र माणसाला!

सकाळी यांच्याकडे किल्ली मागितली. “तू काय मिस्त्री आहेस?” हे म्हणाले. मी म्हटलं, “नाही. पण बघायला काय जातंय?”

चाकू उन्हात धरून नीट पाहिला. रचना साधीच आहे. पात्याच्या मुळाशी पाठीकडून एक खाच असते. मुठीच्या पाठीवरच्या पट्टीला पुढे एक दात असतो, आणि स्प्रिंग तो दात खाचेत दाबून धरते. दात पुरता बसला तर पातं हलत नाही. अर्धवट बसला तर ‘खट्’ वाजतं, आपल्याला वाटतं बसला, आणि जोर आला की सुटतो. आमच्या चाकूचा दात खाचेबाहेर डोकावत होता. खाचेत काहीतरी काळं, चिवट भरलं होतं.

यांनी तेल सोडून पाहिलं. काही उपयोग नाही, उलट खटका जास्तच बुळबुळीत झाला. मी सुईनं ते काळं थोडं खरवडलं, बोटावर घेतलं, वास घेतला आणि हसूच आलं. गूळ होता तो! वर्षानुवर्षांचा. आता पाकाचं भांडं आपण तेलानं धुतो का? गूळ विरघळतो तो गरम पाण्यात. मूठ लाकडाची, म्हणून चाकू भिजत टाकला नाही. पातं उघडून खाचेवर चमच्याचमच्यानं कढत पाणी सोडलं आणि जुन्या टूथब्रशनं घासत राहिले. पाणी चहासारखं लाल होईस्तोवर! मग कोरडा पुसून दिवसभर उन्हात ठेवला आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडला. खायचं तेल घातलं असतं तर चिकटा पुन्हा धरला असता.

मग परीक्षा. मूठ दोन्ही बाजूंनी धरली, बोटं पात्याच्या वाटेत येऊ दिली नाहीत आणि पात्याची पाठ पाटावर हलकेच दाबली. पूर्वीपेक्षा बरं, पण जोर दिल्यावर पुन्हा सुटलं.

हे म्हणाले, उद्यमनगरात लेथवाल्याकडे देऊ. मी माडीवर जाऊन मामंजींना विचारलं. ते ताडकन उठले. “लेथवाला कशाला? शिकलगाराकडं न्यायचा.” शिकलगार म्हणजे पूर्वी तलवारींना धार-पाणी करणारी मंडळी. चार दिवसांनी पहिल्यांदाच मामंजींनी चपला पायात सरकवल्या.

म्हाताऱ्या शिकलगारानं चाकू दोनदा उघडला, मिटला. “वैनी, साफ झ्याक केलायसा. पन दात झिजलाय. कोपरे गोल झाल्यात.” बारीक कानशीनं त्यानं ते कोपरे सरळ केले, सैल झालेला रिव्हेट ठोकला. तोवर दोघं म्हातारे जुन्या गुळाच्या भावावर बोलत बसले. चाकू परत देताना तो मामंजींना म्हणाला, “आबा, खटका आता धरतोय. पन खटक्यावर भरवसा टाकून जोर लावू नगासा. लोखंड बी म्हातारं झालंय, आपन बी.”

माझं बोलणं मामंजींना लागलं असतं. त्याचं लागलं नाही.

आता फळ हातात धरून नाही, पाटावर ठेवून कापायचं, पातं अडकलं तर मागे ओढायचं नाही, आणि ऊस सोलायचा तो नातवानं, असं मामंजींनीच ठरवलं. हेही परवा पेरूची फोड घेता घेता म्हणाले, “आबा, मी जरा घाईच केली.” मामंजींनी नुसती मिठाची वाटी पुढे सरकवली.

बायांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून काही सांडलं, तुटलं, लागलं, की आपण पहिल्यांदा त्याच्या हाताकडे बघतो. एकदा वस्तूकडेही बघावं.

दर शनिवारी रात्री मामंजी आता स्वयंपाकघराच्या दारात येतात, मिटलेला चाकू ओट्यावर ठेवतात आणि म्हणतात, “सूनबाई, गूळ बसलाय का बघ गं.”