तळ्यात, मळ्यात आणि भोपळ्यात

"मावशी, इस बार थीम क्या है?"

सहाव्या वाढदिवसाच्या पंधरा दिवस आधी भाचीने मला विचारलं. आम्ही जबलपूरला, नर्मदेकाठी तिलवाऱ्याला राहतो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. भाचीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर मात्र हिंदीत येतं. मराठी म्हणजे तिच्या लेखी 'नानी की भाषा'. आणि खरं सांगू? मीही बी.ए. इंग्रजीवाली. मी तिला वाचून दाखवलेली बहुतेक पुस्तकं इंग्रजीच.

त्यामुळे पहिला बेतही तसाच ठरला. एरिक कार्ल यांच्या १९६९ सालच्या पुस्तकातला तो खादाड सुरवंट केकवर बसवायचा. मोबाइलवर बघून फॉन्डंटचा सुरवंट करूनही पाहिला. तो पायाखाली आलेल्या भेंडीसारखा दिसत होता. आईने शांतपणे पाहिलं आणि म्हणाली, "त्यापेक्षा भोपळ्यातली म्हातारी कर की. घारगे मला झोपेतही जमतात."

झालं, थीम ठरली! काय काय केलं ते सांगते, तुम्हालाही सहज जमेल.

म्हातारीचे घारगे: दोन वाट्या किसलेला लाल भोपळा आणि एक वाटी गूळ एकत्र शिजवा. गार झाल्यावर वेलची, चिमूटभर मीठ, थोडं तांदळाचं पीठ आणि मावेल तेवढी कणीक घालून घट्ट मळा. छोटे घारगे थापून मंद आचेवर तळा. वर खसखस लावायला विसरू नका.

चिऊ-काऊची घरं: चिऊचं मेणाचं घर नारळाच्या पांढऱ्या बर्फीचं. काऊचं शेणाचं घर मारी बिस्किटांचा चुरा, कोको, लोणी आणि थोडं दूध मळून केलेलं. वर गरम दुधाचा 'पाऊस' पाडला की काऊचं घर ढासळतं. "गोबर का घर!" म्हणत मुलांनी आधी तेच फस्त केलं.

तळ्यात-मळ्यात: ही कल्पना तेत्सुको कुरोयानागी यांच्या 'तोत्तोचान'मधून सुचली. त्यातले मुख्याध्यापक मुलांच्या डब्यात काहीतरी समुद्रातलं आणि काहीतरी डोंगरातलं असावं असं सांगतात. आमच्याकडे कुठला समुद्र? पण तळी आहेत आणि मळेही. डिसेंबर होता, म्हणून 'तळ्यात' उकडलेले शिंगाडे आणि भाजलेले मखाने, 'मळ्यात' जबलपुरी मटारच्या करंज्या. मुलं खेळासारख्या उड्या मारायची आणि जिथे थांबतील तिथला खाऊ उचलायची. एरवी शिंगाड्याला नाक मुरडणाऱ्या भाचीने चार खाल्ले.

घारग्यांना मात्र कुणी हात लावेना. "ये क्या है?" एकाने विचारलं. आई गोष्ट सांगायला बसली, अर्थातच मराठीत. लेकीकडे निघालेली म्हातारी जंगलात पोचेपर्यंत मुलांची चुळबुळ सुरू झाली. आई थांबली. तिचा उतरलेला चेहरा मला दिसला.

तेवढ्यात भाची उठून तिच्या शेजारी जाऊन बसली. "नानी, तुम बोलो. मैं बताती हूँ." मग आई एक वाक्य सांगे आणि भाची त्याचं हिंदी करी. वाघ आला, कोल्हा आला. 'टुणुक टुणुक'चं हिंदी काही तिला सापडेना. शेवटी सगळी मुलं तसंच 'टुणुक टुणुक' ओरडली आणि ताटातला एकही घारगा उरला नाही.

म्हणून एकच सांगते. पदार्थ दिसायला वेडावाकडा झाला तरी चालेल, पण ताट मांडण्याआधी गोष्ट सांगा. आणि घरात आजी-आजोबा असतील तर ती त्यांनाच सांगू द्या.

रात्री पांघरुणातून आवाज आला, "मावशी, वाघाने मग काय खाल्लं?"

चक्क मराठीत! मी म्हटलं, "घारगे."